एकसारख्या साधनांची वेगळी ओळख

ठाणे जिल्ह्यातील भाईंदर हे गाव एके काळी मिठागरांसाठी ओळखले जात असे. पुढे त्याच्या पूर्व भागातील औद्योगिक वसाहतींमध्ये स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांचे लहानमोठे कारखाने उभे राहिले. अशा एखाद्या गाळ्यात जाऊन पाहिल्यास एका साच्यातून निघालेले शेकडो पेले एकावर एक रचून ठेवलेले दिसतात. त्यांतील एक पेला दुसऱ्यापासून वेगळा ओळखणे खुद्द कारागिरालाही शक्य नसते. तेच पेले घरात आले, लग्नकार्याच्या पंगतीत शेजारच्या चार घरांच्या भांड्यांत मिसळले, की प्रश्न उभा राहतो : यांतला आपला कोणता? या प्रश्नावर आपल्या गृहिणींनी फार पूर्वीच उत्तर शोधून ठेवले आहे. भांडे विकत घेतानाच त्यावर नाव घालून घ्यावयाचे. चिकटवलेली चिठ्ठी धुण्यात निघून जाते. फडताळातील जागा बदलते. धातूवर कोरलेले नाव मात्र भांडे असेपर्यंत टिकते.

आजच्या शासकीय कार्यालयांत, शाळांत आणि ग्रामपंचायतींत हाच प्रश्न निराळ्या रूपात उभा आहे. दप्तराचा मोठा भाग आता संगणकावर असतो आणि तो एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पेनड्राइव्ह, बाह्य हार्ड डिस्क अथवा मेमरी कार्ड यांतून प्रवास करतो. ही साधनेही एकाच साच्यातून निघालेली असतात. त्यांपैकी नेमके कोणते साधन आपल्या संगणकास जोडले आहे, हे संगणक कसे ओळखतो? आणि उद्या न्यायालयात किंवा चौकशीत ‘हेच ते साधन’ असे सांगण्याची वेळ आली, तर आपण ते कशाच्या आधारे सांगणार? या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

एका कार्यालयातील प्रसंग

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात प्रस्तुत लेखकाने पाहिलेला एक प्रसंग येथे सांगणे उपयुक्त ठरेल. तेथील संगणकावर दर शनिवारी संध्याकाळी सर्व नोंदींची प्रत आपोआप बाह्य डिस्कवर उतरविण्याची व्यवस्था होती. ‘एफ’ या अक्षराच्या डिस्कवर प्रत उतरवावी, असा आदेश संगणकास देऊन ठेवला होता. एका शनिवारी कार्यक्रमाची छायाचित्रे देण्यासाठी आलेल्या छायाचित्रकाराचा पेनड्राइव्ह आधी जोडला गेला. ‘एफ’ हे अक्षर त्याला मिळाले आणि कार्यालयाच्या डिस्कला पुढचे अक्षर मिळाले. संगणकाने आज्ञा तंतोतंत पाळली. कार्यालयाचे दप्तर छायाचित्रकाराच्या खिशातून बाहेर गेले आणि कार्यालयाची डिस्क त्या आठवड्यापुरती कोरी राहिली. पुढच्याच आठवड्यात मूळ संगणक बंद पडला, तेव्हा ही गोष्ट उघडकीस आली. त्या आठवड्यातील नोंदी कर्मचाऱ्यांना कागदांवरून पुन्हा भराव्या लागल्या.

या प्रसंगात कोणाचाही निष्काळजीपणा म्हणावा असा नव्हता. चूक होती ती ओळखीच्या पद्धतीत. ‘एफ’ हे साधनाचे नाव नसून, रांगेत उभे राहिल्यावर मिळालेला तो क्रमांक होता. रांग बदलली, क्रमांक बदलला.

साधन जोडताच काय घडते?

संगणकाचे सर्व व्यवहार पाहणाऱ्या मूळ आज्ञावलीस संचालन प्रणाली, व्यवहारात ऑपरेटिंग सिस्टिम, असे म्हणतात. विंडोज आणि लिनक्स या तिच्या परिचित जाती होत. पुणे येथे मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली ‘बॉस’ ही प्रणालीही लिनक्सच्याच कुळातील आहे. प्रत्येक प्रकारच्या यंत्राशी कसे बोलावे, हे जाणणारा एक दुभाषा संचालन प्रणालीजवळ असतो. त्याला ड्रायव्हर म्हणतात.

आज बहुतेक बाह्य साधने यूएसबी या जोडणीतून लागतात. या जोडणीचे पहिले मानक १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. इंटेल कंपनीत त्या कामात अग्रभागी असलेले अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर होत, ही बाब आपल्या वाचकांना विशेष वाटेल.

साधन जोडले जाताच संगणक त्यास प्रथम १ ते १२७ यांपैकी एक तात्पुरता पत्ता देतो. हा पत्ता धर्मशाळेतील खोलीच्या क्रमांकासारखा असतो. साधन काढले की तो संपला. त्यानंतर संगणक साधनाकडून त्याचे ओळखपत्र मागवितो. हे ओळखपत्र अवघ्या १८ बाइट्सचे असते आणि त्यात मुख्यतः तीन गोष्टी पाहावयाच्या असतात.

पहिली, उत्पादकाचा क्रमांक. हा क्रमांक यूएसबी मानकाचे काम पाहणारी संस्था प्रत्येक उत्पादकास नेमून देते. तो १६ बिटांचा असल्यामुळे असे क्रमांक जास्तीत जास्त ६५,५३६ होऊ शकतात. उदाहरणार्थ, ०७८१ हा क्रमांक सॅनडिस्कचा, तर ०९५१ हा किंग्स्टनचा आहे. दुसरी गोष्ट, उत्पादनाचा क्रमांक. त्यावरून त्या उत्पादकाचे कोणते मॉडेल आहे ते कळते. येथवर आपल्याला फक्त ‘अमुक कारखान्यातील अमुक मापाचा पेला’ एवढेच समजले. तिसरी गोष्ट म्हणजे अनुक्रमांक. हेच भांड्यावर कोरलेले नाव होय. साठवण साधनांसाठी १९९९ मध्ये ठरलेल्या मानकानुसार हा अनुक्रमांक किमान १२ चिन्हांचा असावा, त्यात ० ते ९ हे अंक आणि ए ते एफ ही अक्षरे असावीत आणि एका उत्पादकाच्या एकाच मॉडेलच्या कोणत्याही दोन साधनांवर तो सारखा नसावा, अशी अपेक्षा आहे.

उत्पादक, मॉडेल आणि अनुक्रमांक हे तिन्ही मिळून साधनाची पूर्ण ओळख होते. नुसता अनुक्रमांक पुरेसा नाही. दोन निराळ्या उत्पादकांचे अनुक्रमांक योगायोगाने जुळू शकतात. उत्तन किंवा पाली येथील किनाऱ्यावर एकाच देवतेच्या अथवा संताच्या नावाच्या अनेक होड्या असू शकतात, म्हणून होडीच्या अंगावर नावाबरोबर नोंदणी क्रमांकही रंगवावा लागतो. त्यातलाच हा प्रकार.

कोरलेले नाव नसेल तर?

मानकात अपेक्षा आहे म्हणून प्रत्येक उत्पादक ती पाळतोच असे नाही. स्वस्त साधनांत अनुक्रमांक नसतो, किंवा संपूर्ण घाण्यावर एकच अनुक्रमांक घातलेला असतो. अशा वेळी ड्रायव्हरला दुसरा आधार शोधावा लागतो.

अनुक्रमांक न मिळाल्यास विंडोज प्रणाली ते साधन ज्या खाचेत लावले असेल, त्या खाचेच्या आधारे स्वतःच एक ओळख तयार करते. अशा ओळखीत दुसऱ्या स्थानी ‘आणि’ या अर्थाचे इंग्रजी चिन्ह दिसते. जाणकार त्यावरून ही ओळख साधनाची स्वतःची नव्हे, असे ताडतात. याचे दोन परिणाम होतात. एकच पेनड्राइव्ह आज डाव्या खाचेत आणि उद्या उजव्या खाचेत लावला, तर संगणक त्याची दोन निराळी साधने म्हणून नोंद करतो. उलट एकाच मॉडेलचे दोन पेनड्राइव्ह एकापाठोपाठ एकाच खाचेत लावले, तर त्यांची एकच नोंद होऊ शकते. ‘फडताळातील तिसऱ्या खणातले भांडे’ अशी ओळख सांगितल्यासारखेच हे झाले. ओळख भांड्याची नव्हे, खणाची. चौकशी अधिकाऱ्याने हा भेद लक्षात न घेतल्यास तो निर्दोष माणसाला दोषी ठरवू शकेल, अथवा खरा दोषी त्याच्या हातून निसटू शकेल.

लिनक्स प्रणालीत साधनांना सापडतील त्या क्रमाने एसडीए, एसडीबी, एसडीसी अशी नावे मिळतात. हीदेखील रांगेतील नावेच. परंतु त्यांच्याबरोबर प्रणाली आणखी काही नावांच्या याद्या ठेवते : एक यादी साधनाच्या अनुक्रमांकावरून, दुसरी आतील मजकुराच्या ओळखीवरून, तिसरी खाचेवरून. जाणकार व्यवस्थापक प्रतींच्या कामासाठी रांगेतील नाव न वापरता पहिल्या दोन याद्यांतील नाव वापरतो. वर सांगितलेल्या कार्यालयात एवढे केले असते, तर दप्तर बाहेर गेले नसते.

भांडे आणि भांड्यातील पदार्थ

येथे एक महत्त्वाचा भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. साधनाची ओळख निराळी आणि त्यावरील मजकुराच्या मांडणीची ओळख निराळी. पेनड्राइव्ह फॉरमॅट करताना, म्हणजे मजकुरासाठी नव्याने आखून घेताना, संगणक त्या आखणीस एक क्रमांक देतो. फॅट पद्धतीच्या आखणीत हा क्रमांक ३२ बिटांचा असून तो सामान्यतः आखणीच्या तारीख-वेळेवरून काढला जातो. अलीकडील मोठ्या डिस्कवरील विभाग-नोंदीत १२८ बिटांचा क्रमांक असतो. तो इतका मोठा आहे की, नीट निर्माण केलेले असे दोन क्रमांक जगात जुळण्याची शक्यता व्यवहारात शून्यच मानली जाते.

तथापि या क्रमांकाचा स्वभाव अनुक्रमांकाच्या नेमका उलट आहे. साधन पुन्हा फॉरमॅट केले, तर आखणीचा क्रमांक बदलतो. अनुक्रमांक तोच राहतो. एका डिस्कची जशीच्या तशी हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली, तर आखणीचा क्रमांकही तिच्याबरोबर जातो. अनुक्रमांक मात्र दुसऱ्या डिस्कचा स्वतःचाच असतो. अशी मूळ डिस्क आणि तिची प्रत एकाच वेळी जोडल्यास विंडोज दोघींची ओळख सारखी पाहून दुसरीस बाजूला ठेवते, ती याच कारणाने. यास्तव ‘हे साधन तेच आहे काय?’ असा प्रश्न असेल, तर अनुक्रमांक पाहावा. ‘यावरील आखणी तीच आहे काय?’ असा प्रश्न असेल, तर आखणीचा क्रमांक पाहावा. एकाचे उत्तर दुसऱ्याकडून घेऊ नये.

आणखी दोन ठिकाणी फसगत होते. बाह्य हार्ड डिस्क म्हणून आपण जी पेटी वापरतो, तिच्या आत खरी डिस्क आणि यूएसबीशी जोडणारे छोटे मंडल असते. अनेकदा संगणकास दिसतो तो अनुक्रमांक या मंडलाचा असतो. आतील डिस्क बदलली तरी तो बदलत नाही. तसेच मेमरी कार्ड यूएसबी वाचकात घालून जोडल्यास संगणक वाचकाची ओळख नोंदवितो. कार्डाच्या आत त्याचा स्वतःचा क्रमांक असतो, परंतु या मार्गाने तो दिसत नाही. गावातील कॅमेऱ्याचे कार्ड जप्त करताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

कायद्याची अपेक्षा

हा विषय केवळ संगणक तज्ज्ञांचा राहिलेला नाही. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ हा कायदा १ जुलै २०२४ पासून अंमलात आला. त्याच्या कलम ६३ अन्वये इलेक्ट्रॉनिक अभिलेख पुरावा म्हणून सादर करताना त्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचा नमुना कायद्याच्या अनुसूचीत दिला आहे. त्याचा भाग ‘अ’ अभिलेख सादर करणाऱ्या पक्षाने आणि भाग ‘ब’ तज्ज्ञाने भरावयाचा आहे. या नमुन्यात साधनाचा प्रकार, उत्पादक व मॉडेल, रंग आणि अनुक्रमांक यांसाठी स्वतंत्र जागा आहेत. भांड्यावरचे नाव विचारण्याचा हक्क आता कायद्यानेच घेतला आहे, असे म्हणता येईल. झडती व जप्तीच्या कारवाईचे दृक्‌श्राव्य चित्रण करावे, अशी तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ मध्ये आहे. त्यामुळे पोलीस ठाण्यांतील मुद्देमालात अशा साधनांची संख्या वाढणे अपरिहार्य आहे.

प्रमाणपत्राचा हा दंडक नवा नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० द्वारे जुन्या पुरावा कायद्यात कलम ६५-ब समाविष्ट झाले, तेव्हापासून तो आहे. त्याची कसोटी महाराष्ट्रातील एका प्रकरणातच लागली. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात उमेदवारी अर्ज विहित मुदतीत, म्हणजे २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी ३ वाजण्यापूर्वी, दाखल झाला होता किंवा कसे, हा वादाचा मुद्दा होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांचे चित्रण हा त्यातील एक पुरावा होता. चित्रणाच्या चकत्या मिळाल्या, परंतु वारंवार मागणी करूनही त्यांसोबतचे प्रमाणपत्र मिळाले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरविली आणि अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी तो निर्णय कायम केला.

या निकालातील दोन गोष्टी आपल्या दृष्टीने मोलाच्या आहेत. इलेक्ट्रॉनिक अभिलेखाची प्रत सादर करताना प्रमाणपत्र आवश्यक आहे, असे न्यायालयाने सांगितले. मात्र मूळ साधनच न्यायालयात हजर करून ते आपले असल्याचे त्याच्या मालकाने साक्षीत सिद्ध केल्यास प्रमाणपत्राची गरज नाही, असेही स्पष्ट केले. याचा अर्थ असा की, ‘मूळ’ आणि ‘प्रत’ यांतील फरक सांगता आला पाहिजे. तो सांगता यावयाचा, तर मूळ साधनाची नोंद पहिल्या दिवशीच झालेली हवी. आणि प्रमाणपत्र मागणारा नागरिक दारात उभा राहतो, तेव्हा ते देणारा बहुधा आपल्यासारखाच एखादा शासकीय कर्मचारी असतो. आपल्याजवळ नोंद नसेल, तर त्या नागरिकाचा पुरावा आपल्या टेबलावरच दुबळा होतो.

नाव आणि मोहोर

अनुक्रमांक ही ओळख आहे. ती मोहोर नव्हे. विशिष्ट आज्ञावलीच्या साहाय्याने काही साधनांचे अनुक्रमांक बदलता येतात. शिवाय साधन तेच असले, तरी आतील मजकूर तोच आहे याची हमी अनुक्रमांक देत नाही. भांड्यावर नाव आपले असले, तरी आतील दूध कोणी पाणी घालून बदलले नाही हे नावावरून कसे कळणार? त्यासाठी कायद्याच्या नमुन्यात हॅश मूल्याची जागा ठेवली आहे. मजकुरावर ठराविक गणिती क्रिया करून काढलेला हा एक प्रकारचा अंगठ्याचा ठसा होय. एसएचए-२५६ या पद्धतीने काढलेला ठसा ६४ चिन्हांचा असतो. हजार पानांच्या दप्तरातील एक वेलांटी बदलली, तरी तो पूर्णपणे निराळा येतो. म्हणून अनुक्रमांक आणि हॅश मूल्य ही जोडी एकत्रच नोंदवावी. पहिल्यावरून साधन पटते, दुसऱ्यावरून मजकूर.

कार्यालयांनी काय करावे?

यासाठी मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. जडवस्तू संग्रह नोंदवहीत ‘पेनड्राइव्ह, नग ५’ अशी एकत्र नोंद करण्याची प्रथा अनेक ठिकाणी आढळते. त्याऐवजी प्रत्येक नगास स्वतंत्र ओळ द्यावी आणि तीत उत्पादक, मॉडेल, रंग, साठवण क्षमता, पेटीवर छापलेला क्रमांक, संगणकास दिसणारा अनुक्रमांक आणि साधन कोणाच्या ताब्यात आहे हे लिहावे. विंडोज संगणकावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये साधनाच्या गुणधर्मांच्या पानावरील तपशिलात अनुक्रमांक पाहावयास मिळतो. लिनक्सवर एलएसयूएसबी ही आज्ञा त्यासाठी आहे. पेटीवरील क्रमांक आणि संगणकास दिसणारा क्रमांक यांत फरक असल्यास दोन्ही लिहावेत. एक खोटा समजून गाळू नये.

नवीन साधने घेताना दोन नग एकापाठोपाठ जोडून त्यांचे अनुक्रमांक भिन्न आहेत का, हे पाहावे. सारखे आढळल्यास असा माल दप्तराच्या कामासाठी स्वीकारू नये. आपोआप प्रत उतरविण्याची व्यवस्था अक्षरावर नव्हे, तर साधनाच्या अथवा आखणीच्या ओळखीवर आधारलेली आहे, याची संगणक व्यवस्थापकाकडून खात्री करून घ्यावी. नोंदलेल्या अनुक्रमांकांखेरीज अन्य साधन संगणकाने स्वीकारू नये, अशीही व्यवस्था करता येते. संवेदनशील दप्तर असलेल्या कार्यालयांनी तिचा अवश्य विचार करावा. पंचनामा करताना ‘काळ्या रंगाचा एक पेनड्राइव्ह’ एवढ्यावर थांबू नये. मात्र जप्त साधन क्रमांक पाहण्यासाठी सहज म्हणून संगणकास जोडू नये, कारण नुसते जोडल्यानेही त्यावरील नोंदी बदलू शकतात. बाहेरील खुणा लिहून साधन सीलबंद करावे आणि आतील तपशील तज्ज्ञाने लेखन-प्रतिबंधक उपकरणाद्वारे घ्यावा.

शाळांतील शिक्षकांना हा विषय विद्यार्थ्यांपुढे मांडणेही कठीण नाही. एकाच मॉडेलचे दोन पेनड्राइव्ह आणि एक संगणक एवढे साहित्य पुरते. दोन्ही साधने क्रम बदलून जोडावीत, कोणते अक्षर कोणाला मिळते ते फळ्यावर लिहावे आणि नंतर त्यांचे अनुक्रमांक पाहावेत. नाव, जागा आणि क्रमांक यांतील भेद विद्यार्थ्यांना तासाभरात कळेल.

मिरा-भाईंदरमध्ये १९८५ साली ग्रामपंचायती एकत्र येऊन नगर परिषद झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिची महानगरपालिका झाली. ग्रामपंचायतीच्या काळातील मालमत्तेचा माग आज काढावयाचा झाल्यास त्या वेळच्या कारकुनाने आपल्या नोंदवहीत काय लिहून ठेवले, यावरच विसंबावे लागते. आजचे दप्तर ज्या साधनांत आहे, ती साधने उद्या आपल्या वारसांच्या हाती जातील. त्यांना ती नुसती एकसारखी दिसणारी डबकुली वाटू नयेत, यासाठी प्रत्येकावरचे नाव आजच वाचून नोंदवहीत उतरविणे हे आपले कर्तव्य होय.